पडदा फिरला म्हणजे संगणक बिघडला नव्हे

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र अचानक आडवे पडले किंवा पार उलटे झाले की समोर बसलेल्या माणसाला पहिली शंका येते ती मशीन बिघडल्याची. मग उपाय सुरू होतात. कुणी वायरी काढून पुन्हा लावतो, कुणी चार वेळा बंद-चालू करून पाहतो, कुणी मॉनिटरच उचलून उलटा ठेवतो आणि तसेच काम रेटतो. शेवटी दुरुस्तीवाल्याला फोन जातो, आणि तो घाईत असेल तर न पाहताच ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगून मोकळा होतो. खरे तर अशा वेळी बहुधा काहीच बिघडलेले नसते. एक सेटिंग बदललेले असते आणि ते पूर्ववत करायला मिनिटभर वेळ पुरतो. एवढ्याशा गोष्टीपायी अर्धा दिवस, शे-पाचशे रुपये आणि कधी कधी कित्येक वर्षांची कागदपत्रे का जावीत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. पण त्याचे उत्तर शोधू लागले की आपण गेली पंचवीस वर्षे संगणक कसा शिकवत आलो, तिथपर्यंत जावे लागते. माझे म्हणणे असे की आपण संगणक चालवायला शिकवला. तो अडला तर डोके कसे चालवायचे हे शिकवायचे राहून गेले. ही उणीव भरून काढण्याचे काम सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांनी आधी हाती घ्यावे, कारण त्यासाठी लागणारी परंपरा त्यांच्या घरातच आहे.

आधी मुळात काय घडते ते पाहू. टेबलावरचा साधा मॉनिटर आपणहून चित्र फिरवत नाही. त्याच्याकडे जे येते ते तो दाखवतो. चित्र फिरवण्याचे काम संगणकातली ग्राफिक्सची यंत्रणा करते, आणि तेही तिला तसा हुकूम मिळाल्यावरच. ही सोय उगाच दिलेली नाही. कागदाचे पान उभे असते, त्यामुळे उभ्या पडद्याची गरज फार पूर्वीपासून ओळखली गेली आहे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या ‘ऑल्टो’ या संगणकाचा पडदा उभाच होता. आजही पानांची मांडणी करणारे, लांबलचक मसुदे वाचणारे, प्रोग्रॅम लिहिणारे अनेक जण मॉनिटर उभा करून लावतात, आणि त्यांच्यासाठी चित्र फिरवण्याची सोय विंडोजमध्ये असते. इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्यांनी तिच्यात एक भर घातली होती. कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरून बाणाचे बटण दाबले की चित्र त्या त्या बाजूला तत्काळ वळायचे. टायपिंगच्या ओघात बोट सरकले, लहान मुलाचा हात पडला किंवा फायलींचा गठ्ठा कीबोर्डवर टेकला, तरी ही तीन बटणे एकदम दाबली जाऊ शकतात. जुन्या संगणकांवर पडदा फिरण्याचे नेहमीचे कारण हेच. त्याखेरीज ड्रायव्हर अद्ययावत झाल्यावर, प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडताना सेटिंगला धक्का लागल्यावरही असे होते.

अशा वेळी बटणे दाबत सुटण्याआधी नीट पाहावे. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि नजर पडद्यावर ठेवावी. सुरुवातीचे कंपनीचे बोधचिन्ह सरळ दिसले आणि विंडोज आल्यावर चित्र वळले, तर निम्मा निकाल तिथेच लागला. मॉनिटर ठणठणीत आहे, वायर ठीक आहे, गोंधळ विंडोजच्या सेटिंगमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. मॉनिटर उघडण्याचे कारणच उरले नाही. पुढची अडचण माऊसची. चित्र आडवे असताना माऊस उजवीकडे नेला की पडद्यावरचा बाण वर नाहीतर खाली पळतो. त्यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे माऊस बाजूला ठेवून कीबोर्डवर काम करायचे. विंडोजचे बटण आणि ‘आय’ एकत्र दाबले की सेटिंग्ज उघडते. तिथून सिस्टीम, मग डिस्प्ले, मग डिस्प्ले ओरिएंटेशन असे टॅब, बाण आणि एंटर वापरून जायचे आणि ‘लँडस्केप’ निवडायचे. दुसरी वाट त्याहून सोपी. चित्र ज्या बाजूला जितके वळले आहे, त्याच बाजूला तितकाच माऊसही हातात वळवून धरायचा. बाण पुन्हा हाताच्या दिशेने चालू लागतो. चित्र पार उलटे असेल तर माऊसची वायर आपल्या बाजूला येईल असा धरायचा. सेटिंग बदलल्यावर ‘हा बदल ठेवायचा का’ असे विंडोज विचारते, आणि पंधरा सेकंदांत होकार दिला नाही तर आधीची स्थिती आपोआप परत आणते. म्हणजे चुकीचा पर्याय निवडला तरी घाबरायचे कारण नाही. दोन मॉनिटर असतील तर आपण कोणत्याचे सेटिंग बदलतो आहोत, तेवढे आधी पाहावे. दर वेळी सुरू केल्यावर चित्र पुन्हा वळत असेल, तर मात्र ड्रायव्हरचा संशय घ्यावा आणि जाणकाराला बोलवावे.

यात अवघड असे काय आहे? काहीच नाही. तरीही वर्षानुवर्षे संगणकावर बसणारी, प्रमाणपत्र मिळवलेली माणसे इथे हतबल होतात, याचे कारण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ साली झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावच्या लाखो लोकांचा हात पहिल्यांदा माऊसवर ठेवला. शेतकऱ्यांच्या मुली, कारकून, शिक्षक या दारातून संगणकापाशी आले. हे काम मोठे आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेनेही हजारो बोटांना मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचा वेग दिला. पण वर्गांत आणि परीक्षांत मुख्यतः मोजले जाते ते ठरलेले काम ठरलेल्या पायऱ्यांनी करता येते की नाही. त्यामुळे शिकणारा पायऱ्या पाठ करतो, आणि त्याहून जास्त पाठ करतो त्या जागा. स्टार्ट डाव्या कोपऱ्यात, सेव्ह वरच्या बाजूला, प्रिंट अमुक चित्रावर. पडदा नव्वद अंशांत वळला की या सगळ्या जागा हलतात आणि त्यांच्यासोबत शिक्षणही हलते. विंडोजच्या अकराव्या आवृत्तीने २०२१ साली स्टार्टचे बटण कोपऱ्यातून मध्यभागी आणले, तेव्हाही जागा पाठ करणाऱ्यांची अशीच तारांबळ उडाली असणार. जागा बदलणारच. काय बदलले, ते कुणी बदलले असेल आणि परत कसे फिरवायचे, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मात्र आवृत्ती कोणतीही आली तरी टिकते.

ही सवय आपल्या माणसांकडे नाही असे कुणी म्हणेल, तर त्याने कृष्णाकाठच्या कोणत्याही शेतकऱ्याकडे पाहावे. लाइनचे काम झाल्यावर किंवा डीपी बदलल्यावर थ्री फेजची मोटर कधी कधी उलटी फिरू लागते. मोटरचा आवाज येतो, पण पाणी नीट चढत नाही. शेतकरी लगेच मोटर खोलायला काढत नाही. तिन्ही फेज आहेत का, फूटव्हॉल्व्ह पाणी सोडतो आहे का, पाइप भरलेला आहे का, हे तो क्रमाने बघतो, आणि मोटर उलटी फिरते आहे हे ओळखले की मेन स्विच बंद करून दोन वायरींची अदलाबदल करवून घेतो. मोटर शाबूत असते, फक्त दिशा बदललेली असते, आणि हे त्याला कोणत्याही वर्गात न जाता ठाऊक असते. फिरलेला पडदा ही नेमकी तशीच गोष्ट आहे. तोच माणूस, किंवा त्याचीच मुलगी, संगणकापुढे बसल्यावर ही बुद्धी बाजूला ठेवते, कारण संगणक म्हणजे आपल्या विचारापलीकडची वस्तू असे त्यांच्या मनावर बिंबले आहे. मोटरच्या बाबतीत शाबूत असलेला आत्मविश्वास संगणकाच्या बाबतीत जागा करणे, एवढेच शिक्षणाला करायचे आहे.

हे न केल्याची किंमत कोण देते? ती काउंटरपलीकडे रांगेत उभा असलेला माणूस देतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की उत्पन्नाच्या, रहिवासाच्या, नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रांवर आणि आपले सरकार केंद्रांवर झुंबड उडते. लोकसेवा हक्क अधिनियमाने २०१५ साली नागरिकाला ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क दिला. पण ज्या एकुलत्या संगणकावर अर्ज भरायचा तोच ‘बंद’ असेल तर हक्क कागदावर राहतो आणि प्रवेशाची तारीख निघून जाते. सांगली-मिरजेत किंवा कराडात दुरुस्तीवाला तासाभरात येईल. जत तालुक्याच्या पूर्व टोकाला उमदीत, किंवा पाटण तालुक्यात कोयनेच्या खोऱ्यातल्या वाडीत, त्याची वाट पाहण्यात दिवस जातो. आणि ‘फॉरमॅट’चा सल्ला मानला तर नुकसान त्याहून मोठे. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली जातात. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले ठराव आणि इतिवृत्ते फाँट पुन्हा बसवीपर्यंत निरर्थक अक्षरांच्या रांगांसारखी दिसतात. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर नव्याने टाकावा लागतो, प्रिंटर आणि स्कॅनर पुन्हा जोडावे लागतात. एका सेटिंगसाठी एवढी उलथापालथ करणे म्हणजे जनतेच्या वेळेची आणि पैशाची नासाडी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो श्रमविभागणीचा. ज्याचे काम त्याने करावे, कारकुनाने लिहावे, तंत्रज्ञाने दुरुस्त करावे, असे म्हटले जाते. सोबत अशी भीतीही असते की अर्धवट माहितीवर कुणी हात घालेल आणि होते तेही बिघडवेल. ही भीती खोटी नाही, म्हणूनच मर्यादा स्पष्ट हवी. जे बदल होते तसे परत फिरवता येतात, तेवढेच करून पाहायचे. कॅबिनेट उघडायचे नाही, नवे सॉफ्टवेअर टाकायचे नाही, काही पुसायचे नाही, आणि जे केले ते वहीत लिहून ठेवायचे. पडद्याची दिशा बदलणे या मर्यादेत चपखल बसते. त्याला एरवी प्रशासकाचा पासवर्डही लागत नाही. यात तंत्रज्ञाचे काम कमी होण्यापेक्षा सुधारण्याचीच शक्यता जास्त. ‘कॉम्प्युटर चालत नाही’ या तक्रारीऐवजी ‘सुरुवातीचे बोधचिन्ह सरळ दिसते, विंडोज आल्यावर चित्र वळते, लँडस्केप केले तरी दर वेळी परत जाते’ अशी तक्रार त्याच्यापर्यंत गेली, तर तो योग्य ड्रायव्हर सोबत घेऊनच निघेल. रोग्याने लक्षणे नीट सांगितली म्हणून कोणत्या डॉक्टरचा धंदा बुडाला आहे?

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे. खिशात मोबाइल आहे, त्यावर विचारले की उत्तर मिळते, मग शिकवायचे कशाला? उत्तर मिळते हे खरे. ते आपल्या मशीनला लागू आहे की नाही हे मात्र आपल्यालाच ठरवावे लागते. कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण हा तोडगा सर्वत्र सांगितला जातो, पण तो सगळ्या मशीनवर चालत नाही. इंटेलच्या अलीकडच्या ड्रायव्हरमध्ये ही बटणे सहसा काम करत नाहीत. तोडगाच फक्त ठाऊक असलेला माणूस तिथे निराश होतो आणि मशीन खरोखरच गेले असे मानतो. चित्र कोण फिरवते हे ठाऊक असलेला सेटिंग्जमध्ये जातो. शिवाय मोबाइलवरच्या शोधात एक मोठा धोका दबा धरून असतो. मदतीचा नंबर म्हणून शोधलेला क्रमांक अनेकदा भामट्याचा निघतो. तो गोड बोलून एनीडेस्कसारखे अॅप टाकायला लावतो, आपला पडदा त्याच्या हाती जातो आणि मागोमाग बँकेचे खाते रिकामे होते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये याच पद्धतीच्या फसवणुकीबाबत बँकांना सावध केले होते. सायबर फसवणुकीची तक्रार करायला १९३० हा क्रमांक आहे, पण तो फसल्यानंतरचा. फसण्याआधीचे संरक्षण म्हणजे आपल्या मशीनला काय झाले असेल याचा स्वतःला असलेला अंदाज. ज्याला तो आहे, त्याला अनोळखी माणसाच्या घाईला बळी पडावे लागत नाही.

तिसरा आक्षेप असा की दोष कंपन्यांचा आहे. तीन बटणांनी न विचारता पडदा उलटा व्हावा ही रचनाच चूक, तिची भरपाई वापरणाऱ्याने शिकून का करावी? याचा पहिला भाग मी पूर्णपणे मान्य करतो. होकार न घेता एवढा मोठा बदल करणारी सोय मुळात तशी ठेवायला नको होती. विंडोजचे स्वतःचे सेटिंग पंधरा सेकंद थांबून विचारते, आणि योग्य रचना तीच. पण कंपनी सुधारली तरी गावातले मशीन जुनेच राहते. विंडोज १०ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून शाळेतले आणि ग्रामपंचायतीतले संगणक त्या दिवशी बदलले गेले नाहीत. ते अजून काही वर्षे चालणार आहेत. आणि चांगली रचना झाली तरी यंत्र कधी अडणारच नाही, असे वचन कोणतीही कंपनी देत नाही.

या दोन जिल्ह्यांकडे मी अपेक्षेने पाहतो, त्याला कारण आहे. १९४९ पूर्वी सांगली हा वेगळा जिल्हाच नव्हता; आधी दक्षिण सातारा आणि १९६० मध्ये सांगली असे त्याचे नामकरण झाले. दोघांचा वारसा बराचसा एकच आहे, आणि हाताने काम करून शिकणे हा त्या वारशाचा गाभा आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली आणि स्वावलंबी शिक्षण हे तिचे ब्रीद ठेवले. कमवा आणि शिका योजनेतून शिकलेल्या पिढ्यांना अडलेल्या कामापुढे हात बांधून उभे राहणे माहीत नव्हते. लोखंडी नांगराने जमीन नासते अशी समजूत असण्याच्या काळात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर बनवला, १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभारली, आणि नव्या यंत्राची भीती वापरातूनच जाते हे दाखवून दिले. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषद शाळांनी ज्ञानरचनावादाचे प्रयोग केले. मुले वस्तू हाताळून, चुकून, पुन्हा करून शिकतात हे त्यांनी इतके ठळक दाखवले की राज्यभरातले शिक्षक ते पाहायला आले. जी पद्धत गणिताच्या मण्यांना लागू पडली, ती संगणकाला लागू पडायला काय हरकत आहे?

म्हणून मागणी अगदी साधी आहे. संगणकाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात अडचण शोधण्याचे प्रात्यक्षिक असावे आणि त्याला गुण असावेत. परीक्षकाने मशीनवर निरुपद्रवी अडचणी मुद्दाम करून ठेवाव्यात. एकावर पडदा फिरवलेला, दुसऱ्यावर आवाज बंद केलेला, तिसऱ्यावर मराठीऐवजी भलताच कीबोर्ड निवडलेला, चौथ्यावर प्रिंटर ‘ऑफलाइन’ ठेवलेला. परीक्षार्थीने अडचण दूर करावी आणि आधी काय पाहिले, काय निष्कर्ष काढला, काय बदलले, हे चार ओळींत मराठीत लिहावे. अडचण सुटली नाही तरी निदानाची दिशा बरोबर असेल तर गुण मिळावेत. रयतच्या शाळांतल्या संगणक कक्षांत आणि दोन्ही जिल्हा परिषदांच्या शाळांत हे पुढच्या सत्रापासून सुरू करता येईल; त्याला नवी खरेदी लागत नाही, निविदा लागत नाही. प्रत्येक सेवा केंद्रात आणि ग्रामपंचायतीत संगणकाशेजारी एक नोंदवही असावी, म्हणजे एकाला उमगलेला उपाय पुढच्याच्या कामी येईल. एमएस-सीआयटी आणि टंकलेखन परीक्षा चालवणाऱ्यांनी मनावर घेतले तर फरक सर्वांत लवकर पडेल. आपल्याकडे परीक्षेत येते तेच वर्गात शिकवले जाते, अशी तक्रार आपण नेहमी करतो. त्याच सवयीचा आधार घेऊन दहा गुणांचा हा एक प्रश्न परीक्षेत आणावा. वर्ग आपोआप बदलतील.